एका पिंजऱ्यात कोण नांदतं? प्रार्थना कीटकाच्या जाती, मित्रकीटकांचा इतिहास आणि आपली पऱ्हाटी



लाडखेडकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं परवा मला विचारलं, "दादा, तो हात जोडून बसणारा किडा हाये ना, प्रार्थना कीटक, तो पाळून पऱ्हाटीत सोडता येईन का? आन् एका पिंजऱ्यात लय ठेवायचे असले तर कोणती जात घ्या लागीन?"

प्रश्न ऐकून सोबतचे दोघं-तिघं हसले. मला मात्र प्रश्न पक्का वाटला. कीटक पाळून पिकाचं रक्षण करायचं म्हटलं की सगळ्यात आधी हाच प्रश्न समोर येतो. खाणारे किडे एकत्र ठेवले तर ते एकमेकांनाच खातात. मग एकत्र नांदतं कोण? या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरलं की कोणता मित्रकीटक कार्डावर चिकटून किंवा डबीत बसून आपल्या वावरापर्यंत येणार आणि कोणता धुऱ्यावरच राहणार. म्हणून आज त्याचा इतिहास जरा सविस्तर लिहितो. औषधाच्या डोसाची पोस्ट पुढच्या आठवड्यात.

आधी ओळख. प्रार्थना कीटक, म्हणजे मँटिस, आपल्या तुरीवर, पऱ्हाटीवर, धुऱ्यावरच्या बाभळी-बोरीवर पावसाळा सरता सरता हमखास दिसतो. पुढचे दोन पाय घडी घालून छातीशी धरलेले, म्हणून हे नाव. त्या पायांना आतून काट्यांची रांग असते. भक्ष्य टप्प्यात आलं की पाय झपकन उघडतात आणि अडकित्त्यासारखे मिटतात. मान वळवून मागं बघणारा किडा म्हणूनही पोरांना तो आवडतो. मादी फेसासारखा द्रव सोडून त्यात अंडी घालते. फेस वाळला की काडीला चिकटलेला खाकी रंगाचा कडक गोळा तयार होतो. हा अंडकोश. मोठ्या जातींच्या एका अंडकोशातून शंभर-दीडशे पिल्लं एकदम बाहेर पडतात. पिल्लू पहिल्या दिवसापासून शिकारी असतं आणि पहिल्या दिवशी त्याच्या सगळ्यात जवळ असतात ते त्याचे सख्खे भाऊ-बहीण. पुढचं तुम्ही समजून घ्या.

भारतात मँटिसच्या दीडशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. सगळ्या एका स्वभावाच्या नाहीत आणि हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते फ्रान्समधल्या एका शिक्षकानं. त्यांचं नाव जाँ आंरी फाब्र. १८७९ साली त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या सेरीन्यां गावात दगडगोट्यांची, काट्याकुट्यांची पडीक जमीन घेतली. पीक घेण्यासाठी नाही, किडे बघण्यासाठी. मोठी प्रयोगशाळा नव्हती. वाळू भरलेली पसरट भांडी, वर तारेच्या जाळीचं झाकण, आत झुडपाचा एखादा झुबका आणि एखादा सपाट दगड, एवढाच संसार. मँटिसना जिवंत खाणं लागतं, म्हणून गावातल्या पोरांना पाव आणि खरबुजाची फोड देऊन ते नाकतोडे पकडून आणवायचे.

फाब्र यांनी एका जाळीखाली मँटिसच्या बऱ्याच माद्या एकत्र ठेवल्या. सुरुवातीला सगळं ठीक होतं. पोटात अंडी भरू लागली तशा त्या एकमेकींवर उठल्या. नाकतोड्यांची कमी नव्हती, तरी जिंकलेली हरलेलीला खाऊन टाकायची. नरांचं तर विचारूच नका. दोन आठवड्यांत एका मादीनं सात नर जवळ केले आणि सातही खाल्ले, अशी त्यांची नोंद आहे. ही सगळी हकीकत १८९७ च्या सुमारास छापून आली आणि मँटिस म्हणजे नवऱ्याला खाणारा किडा ही ख्याती जगभर झाली.

त्याच लेखनात पुढं एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. फाब्र यांनी तशाच जाळीखाली दुसऱ्या एका मँटिसची जात ठेवली, एम्पुसा. दिसायला जास्त भयानक. काटकुळी मान, डोक्यावर टोकदार शिंगासारखा भाग. पण वागायला एकदम शांत. खाणं मोजकं, माशी किंवा छोटं फुलपाखरू मिळालं तरी भागतं. मोठा नाकतोडा दिसला की उलट तीच बाजूला सरकते. एका पिंजऱ्यात बऱ्याच एम्पुसा राहिल्या, भांडण नाही, नरालाही कुणी खाल्लं नाही. एकाच माणसानं, एकाच पद्धतीनं, एकाच वावरात ठेवलेले दोन मँटिस. एक कजाग, एक गरीब. म्हणजे एकत्र राहणं हा सगळ्या मँटिसचा प्रश्न नसून जातीचा प्रश्न आहे, हे तिथंच दिसून आलं.

आता आपल्या देशात येऊ. एम्पुसाच्याच कुळातली एक जात भारतात आहे, गोंगायलस गोंगायलोडीस. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं मुख्य घर. इंग्रजीत तिला व्हायोलिन मँटिस म्हणतात, कारण मान लांब, बारीक आणि शेवटी ढालीसारखी पसरट. पायांना वाळक्या पानासारख्या झालरी असतात. १८७७ साली कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख जॉन अँडरसन यांनी एशियाटिक सोसायटीच्या सभेत या किड्याची माहिती मांडली. झुडपात तो डोकं खाली करून लटकतो. मानेच्या ढालीची खालची बाजू निळसर-जांभळी असते. समोरून बघणाऱ्याला ते फूल वाटतं. माशी आणि फुलपाखरू फुलावर बसायला म्हणून येतं आणि सापडतं.

या लटकण्यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर दडलं आहे. हा किडा उडत येणाऱ्या भक्ष्यावर जगतो. फांदीवर चालणाऱ्या, सरपटणाऱ्या गोष्टीकडं तो सहसा लक्ष देत नाही. शेजारी चालणारा दुसरा गोंगायलस त्याच्या लेखी जेवण नाही. म्हणून युरोप-अमेरिकेतले मँटिस पाळणारे लोक आज कुणालाही हेच सांगतात की घोळका ठेवायचा असेल तर गोंगायलस घ्या. ऊब भरपूर द्या, उडत्या माश्या भरपूर द्या, मग एका जाळीत बरेच जण नांदतात. आफ्रिकेतल्या फायलोक्रॅनियाबद्दल, म्हणजे घोस्ट मँटिसबद्दलही, पोट भरलेलं असेल तर असाच अनुभव सांगतात.

आपल्या वावरात जो मोठा हिरवा मँटिस दिसतो, तो बहुतेक वेळा हिराडुला गटातला असतो. तो या यादीत बसत नाही. युरोपातला मँटिस रिलिजिओसा आणि चीनचा टेनोडेरा हेही बसत नाहीत. हे चालत्यालाही धरतात, उडत्यालाही धरतात. अळी, नाकतोडा, मधमाशी, कोळी, भाऊ, नवरा, जो टप्प्यात आला तो. पंखांवर पिवळ्या डोळ्यासारखा ठिपका असलेला छोटा फुलमँटिस, क्रिओब्रोटर, तोही मोठा झाल्यावर एकटाच बरा.

मग जातीशिवाय दुसरं काही मोजलं जातं की नाही? जातं. १९८० च्या दशकात अमेरिकेत लिस्के आणि डेव्हिस या दोघांनी चिनी मँटिसच्या जोड्यांचं व्हिडिओ चित्रण केलं. माद्यांना आधी पोटभर खायला दिलेलं होतं. त्यांनी चित्रित केलेल्या मीलनांत नर खाल्ला गेला नाही. म्हणजे भूक हा जातीच्या खालोखालचा मुद्दा. तिसरा मुद्दा आकाराचा. एकाच दिवशी निघालेली, एका मापाची पिल्लं एकमेकांच्या वाटेला कमी जातात. एक मोठं झालं, दुसरं मागं राहिलं की मागच्याचं काही खरं नाही. आणि चौथा मुद्दा कात टाकण्याचा. कात टाकताना किडा लटकतो, अंग मऊ असतं, हलता येत नाही. त्या वेळी शेजारी शांत असला तरच तो जगतो.

जात, पोट, माप आणि जागा. हे चार शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या चारांवरच उभा आहे.

आता हेच काम पिकासाठी करायचं ठरवलं तर काय होतं ते अमेरिकेत बघायला मिळालं. १८९६ मध्ये फिलाडेल्फियाजवळ चिनी मँटिस आढळला, आणि १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळ युरोपचा मँटिस. दोन्ही बाहेरून आलेले. हा किडा किडे खातो म्हणजे शेतकऱ्याचा दोस्त, असं वाटून त्यांचे अंडकोश मुद्दाम गोळा करून ठिकठिकाणी वाटले गेले. पुढं बागेसाठी अंडकोश विकायचा धंदाच सुरू झाला, तो आजही आहे. किडे टिकले, पसरले. पण पिकावरच्या किडीचा बंदोबस्त करणारा कीटक म्हणून मँटिस कधी भरवशाचा ठरला नाही.

कारणं सरळ आहेत. अंडकोशातून शंभर पिल्लं निघाली तरी थोड्याच दिवसांत विरळ होतात. काही उपाशी मरतात, काही एकमेकांच्या पोटात जातात, उरलेली दूर निघून जातात. दुसरं म्हणजे मँटिसला मोठं व्हायला महिने लागतात, आणि मावा-तुडतुड्यांची पिढी तेवढ्या वेळात कितीतरी वेळा बदलते. तिसरं, मोठा मँटिस माव्याकडं बघतही नाही. एवढ्याशा घासानं त्याचं काय होणार? तो मोठा घास शोधतो, आणि त्या घासात आपला ढालकिडा, मधमाशी, कोळीही असतो. त्याला मित्र-शत्रू कळत नाही. त्याला फक्त हालचाल कळते.

म्हणून लाडखेडच्या त्या भावाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की मँटिस पाळून पऱ्हाटीत सोडण्याचा मार्ग जगात कुठं रुळला नाही. पण मग कोण रुळलं? इथं आपल्याला कापसाचाच इतिहास मदतीला येतो.

क्रायसोपा तुम्हाला माहीत आहे. हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक, संध्याकाळी दिव्यावर येतो. त्याची अळी मात्र मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळीची अंडी आणि बारीक अळ्या यांची काळ आहे. कृषी विद्यापीठाच्या कागदांवर जुनं नाव क्रायसोपर्ला कार्निया सापडतं. आता भारतातल्या जातीला क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी म्हणतात. ही अळी मँटिसइतकीच भाऊखाऊ आहे. निसर्गानंही त्यावर उपाय काढलेला दिसतो. क्रायसोपाची मादी पानावर एकेक अंडं केसासारख्या बारीक दांडीवर उभं करते. मुंग्या आणि इतर किड्यांपासून अंडं वाचतं, आणि आधी निघालेली अळी शेजारच्या अंड्यापर्यंत सहज पोचत नाही. पऱ्हाटीच्या पानावर पांढऱ्या टाचण्या उभ्या असल्यासारखं दिसलं तर पुसून टाकू नका, ती हीच अंडी.

१९६० च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये कापसाच्या बोंडअळीवर क्रायसोपा सोडून बघितला गेला आणि बोंडअळी कमी झाली. पण एकराला हजारोंनी अळ्या लागणार, त्या वाढवायच्या कशा? डबीत एकत्र टाकल्या तर शेवटी एकच जाडजूड अळी उरणार. १९७० मध्ये रिजवे, मॉरिसन आणि बॅजली या तिघांनी त्यावर उत्तर छापलं. मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचा ताव घ्यायचा, प्रत्येक कप्प्यात एक अळी, वरून खाणं. स्वभाव बदलायचा नाही, मधे भिंत घालायची.

आपल्याकडं हे काम बंगळुरूला झालं. तिथं १९५७ मध्ये राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचं भारतीय केंद्र सुरू झालं होतं. १९७७ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं जैविक कीड नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प उभा केला, १९९३ मध्ये त्याचं संचालनालय झालं, आणि तीच संस्था आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणून ओळखली जाते. तिथली क्रायसोपाची पद्धत बघा. फुटायला आलेली १२० अंडी एका प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, सोबत कोर्सिराची, म्हणजे तांदळावरच्या पतंगाची, पाऊण मिली अंडी खाणं म्हणून. ही अंडी अतिनील किरणांनी आधीच निर्जीव केलेली. पहिले दोन-तीन दिवस अळ्या एकत्र राहतात, कारण सगळ्या एका मापाच्या आणि खाणं तोंडाशी. तिसऱ्या दिवशी त्यांना अडीच सेंटिमीटरच्या चौकोनी कप्प्यांच्या प्लास्टिकच्या चौकटीत हलवायचं, एका कप्प्यात एक. एका चौकटीत १९२ अळ्या.

पोट आणि माप जुळेपर्यंत एकत्र, त्यानंतर भिंत. वर सांगितलेले चार शब्द इथं कसे वापरले ते दिसलं का?

हिरव्या बोंडअळीवरच्या विषाणूचीही, म्हणजे एचएनपीव्हीचीही, हीच अडचण. विषाणू तयार करायला आधी बोंडअळ्याच वाढवाव्या लागतात, आणि हिरवी बोंडअळी भावाला खाण्यात कुणाला ऐकत नाही. म्हणून तिथंही प्रत्येक अळीला वेगळी खोली. एचएनपीव्ही आणि क्रायसोपा महाग का पडतात, वेळेवर हवे तेवढे का मिळत नाहीत, याचं मोठं कारण ही खोली-खोली आहे. प्रत्येक खोलीमागं माणसाचा हात लागतो.

उलट बाजूला ट्रायकोग्रामा बघा. ही टाचणीच्या डोक्याहून लहान परोपजीवी माशी. ती कुणाला फाडून खात नाही. किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, तिचं पिल्लू आतच वाढतं. हजारो माश्या एका बरणीत राहिल्या तरी भांडण नाही. एक घनसेंटिमीटर कोर्सिराची अंडी, म्हणजे १६ ते २० हजार अंडी, एका कार्डावर चिकटवायची, माश्यांपुढं ठेवायची, झालं ट्रायकोकार्ड. पाकिटात बसतं, एसटीच्या पिशवीतून येतं, पानाला टाचता येतं. मित्रकीटकांत ट्रायकोकार्ड इतक्या शेतकऱ्यांपर्यंत पोचलं ते याच गुणामुळं. ती सगळ्यात शूर म्हणून नाही, ती सगळ्यात नांदणारी म्हणून.

मधला एक गडी आहे क्रिप्टोलीमस. ढालकिड्याच्या जातीचा, मूळ ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला. पिठ्या ढेकणाचा शत्रू. प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवतात आणि त्यावर हे भुंगे सोडतात. भोपळा ढेकणांनी भरलेला असेपर्यंत सगळे गुण्यागोविंदानं राहतात. ढेकूण संपले की अळ्या एकमेकींकडं बघू लागतात. भुकेचा नियम इथंही तोच.

हे सगळं दारव्ह्याच्या माणसानं का वाचावं? कारण आपण या इतिहासाच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

आपल्या जिल्ह्याचं पोट कापसावर. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं आली, फवारा मारला की अळ्या खाली पडायच्या. १९९० च्या दशकात हिरवी बोंडअळी त्यांना जुमानेनाशी झाली. २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, बोंडअळीचे फवारे कमी झाले, आणि रसशोषक किडी पुढं आल्या. २००५ नंतर कपाशीवर पिठ्या ढेकूण पसरला. त्या वेळी एक गोष्ट घडली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००८ मध्ये एनासियस नावाची एक बारीक परोपजीवी माशी या ढेकणावर काम करताना दिसली, २००९ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं. तिला कुणी पाळून सोडलं नव्हतं. ती आपसूक आली, एका ढेकणात एक पिल्लू याप्रमाणं वाढली, आणि जिथं फवारे कमी होते तिथं तिनं ढेकूण आटोक्यात आणला.

नंतर गुलाबी बोंडअळी बीटीलाही पचवू लागली. २०१७ चा हंगाम आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, दमट हवा, किडीचा जोर, औषधांची मिसळ, तोंडावर नीट फडकं नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. काहींच्या डोळ्यांना इजा झाली. त्यानंतर गावोगावी एकच विचारणा सुरू झाली, "फवाऱ्याबिगर काही हाये का?" त्या भावाचा मँटिसचा प्रश्न या विचारण्यातूनच आलेला आहे. म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

माझं म्हणणं असं. मित्रकीटक दोन प्रकारचे आहेत. एक, विकत आणून सोडायचे. ते तेच, जे एकत्र नांदतात किंवा ज्यांच्यामधे स्वस्तात भिंत घालता येते. ट्रायकोग्रामा, क्रायसोपा या रांगेतले. दुसरे, वावरात आधीपासून आहेत ते राखायचे. मँटिस, कोळी, चतुर, एनासियस या रांगेतले. दुसऱ्यांना पहिल्यांच्या रांगेत बसवायला गेलं की पैसा जातो. आणि पहिल्यांच्या नादात दुसऱ्यांना विसरलं की वावर रिकामं होतं. मँटिस एकट्यानं बोंडअळी थांबवणार नाही, पण ज्या धुऱ्यावर मँटिस टिकला आहे तिथं विषाचा मारा कमी आहे आणि बाकीचे मित्रही टिकून आहेत, एवढी खूण तो नक्की देतो. मी माझ्या वावरात निरीक्षण घेताना मावा-तुडतुडे मोजतो तशीच मँटिस आणि कोळ्यांचीही नोंद वहीत ठेवतो. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की फवारा लागतोच, पण त्याआधी वहीत मित्रांचा रकाना बघायची सवय लागली की कितीतरी वेळा आठ दिवस थांबता येतं.

आता ज्यांना शाळेत किंवा शेतीशाळेत पोरांना दाखवायला मँटिस ठेवायचे आहेत त्यांच्यासाठी.

घोळका ठेवायचा असेल तर एम्पुसाच्या कुळातलीच जात बघा. ओळख सोपी आहे. डोक्यावर शंकूसारखं टोक, मान काटकुळी, पायांना झालर, आणि नराच्या मिशा कंगव्यासारख्या. असा सापडला तर तो गोंगायलस किंवा त्याचा भाऊबंद. सापडला तर मोठी मच्छरदाणीची जाळी करा, उंची किड्याच्या लांबीच्या तिपटीहून बरीच जास्त, आत लटकायला वाळक्या काटक्या. एका वेळी निघालेली, एका मापाचीच ठेवा. खाणं उडतं हवं. सडक्या केळ्यावर माश्या येतात, त्या जाळीनं पकडून आत सोडा. फवारलेल्या वावरातल्या माश्या देऊ नका, विष किड्याच्या पोटात जातं.

आणि आपला नेहमीचा मोठा हिरवा सापडला तर त्याला एकट्यालाच ठेवा. प्लास्टिकची बरणी, झाकणाला भोकं, आत एक काडी, बस. दहा बरण्या ओळीनं मांडल्या की पोरांना दहा मँटिस दिसतात आणि दहाही जिवंत राहतात. बंगळुरूच्या चौकटीत १९२ कप्पे आहेत, तुमच्या शाळेत दहा बरण्या. तत्त्व एकच.

शेवटचं आणि या महिन्यात करायचं काम. गुलाबी बोंडअळीमुळं फरदड घ्यायची नाही, पऱ्हाटी वेळेत उपटून वावर मोकळं करायचं, यात दुमत नाही. ते कराच. पण उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग लावण्याआधी, श्रेडरमधे घालण्याआधी काड्यांवर एक नजर फिरवा. खाकी रंगाचा, वाळल्या फेसासारखा गोळा काडीला चिकटलेला दिसला की तो मँटिसचा अंडकोश. गोळा खरडू नका. वीतभर काडी गोळ्यासकट तोडा, काडीला बोंड राहिलं असेल तर ते काढून नष्ट करा, आणि काडी धुऱ्यावरच्या बाभळीला, बोरीला, कंबरेएवढ्या उंचीवर सुतळीनं बांधा. जमिनीवर टाकली तर मुंग्या खातील.

एका झाडाला एकच बांधा. दुसरा अंडकोश बांधायचा तर चांगलं अंतर सोडून पुढच्या झाडावर. कारण आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडच्या या जातीची पिल्लं एका घरात नांदत नाहीत.

कुणाच्या धुऱ्यावर डोक्याला शिंग असलेला मँटिस दिसला तर मारू नका, फोटो काढा, तारीख आणि झाडाचं नाव लिहून मला पाठवा. आपल्या तालुक्याची यादी आपणच करू.